एक दार, दोन घरं: न्यूयॉर्कचं रूझवेल्ट जोडघर

न्यूयॉर्कमध्ये मॅडिसन आणि पार्क या दोन ॲव्हेन्यूंच्या मधे, पूर्वेकडच्या पासष्टाव्या रस्त्यावर एक उंच, शांत चेहऱ्याची इमारत आहे. विटा आणि चुनखडीचा दगड यांचं बांधकाम, नीटस खिडक्या आणि रस्त्याकडे उघडणारं एकच मुख्य दार. समोरून जाणाऱ्याला ते कुणा धनिकाचं प्रशस्त घर वाटतं. पत्त्यात मात्र क्रमांक दोन आहेत, ४७ आणि ४९. आत दोन स्वतंत्र घरं आहेत आणि त्यांच्या मधून वरपासून खालपर्यंत एक भिंत गेली आहे.

सारा डेलानो रूझवेल्ट यांनी हे जोडघर १९०७-०८ मध्ये बांधून घेतलं. ४७ क्रमांकात त्या स्वतः राहिल्या आणि ४९ मध्ये मुलगा फ्रँकलिन आणि सून एलिनॉर. फ्रँकलिन पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यामुळे या घराबद्दल बोलताना लोक बहुतेक त्यांच्याबद्दलच बोलतात. माझं लक्ष मात्र त्या मधल्या भिंतीकडे जातं. भिंतीला भिंत लावून उभी राहिलेली घरं समजून घ्यायची असतील, तर दर्शनी भाग नंतर पाहावा, आधी मधली भिंत पाहावी. घराची रुंदी, खिडक्यांची जागा, जिन्याची जागा आणि आत राहणाऱ्यांचा स्वभाव किती ताणला जाणार, हे सगळं तिथे ठरतं.

मुळात घरं अशी चिकटून का बांधली? कारण जमीन तशी कापलेली होती. १८११ साली मॅनहॅटन बेटाची आखणी झाली, तेव्हा रस्ते काटकोनात टाकले गेले. आडव्या जाणाऱ्या दोन रस्त्यांमधलं अंतर साधारण २०० फूट. त्यात पाठीला पाठ लावून प्लॉट पाडले, की प्रत्येकाची खोली १०० फूट भरते. रुंदीचं रूढ माप २५ फूट होतं. जमिनीचे भाव चढत गेले तशी ती रुंदी २० वर आली, कुठे त्याहूनही खाली. म्हणजे रस्त्याला तोंड थोडं आणि मागे जमीन लांबलचक. अशा पट्टीवर दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची म्हटलं, तर घर बांधायला उरणार काय? म्हणून शेजाऱ्याची आणि आपली भिंत एकच, बरोबर हद्दीच्या रेषेवर, अर्धी त्याच्या जमिनीत आणि अर्धी आपल्या. हीच समाईक भिंत.

ही भिंत नुसता आडोसा नसते. आज आपण राहतो त्या आरसीसी इमारतीत वजन कॉलम आणि बीम घेतात, मधल्या बहुतेक भिंती नुसत्या भरलेल्या असतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या विटांच्या घरात वजन भिंतच घेते. एका समाईक भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लाकडी तुळया टाकायच्या, त्यांवर फळ्या ठोकायच्या, की मजला तयार. लाकडाची तुळई वीस-पंचवीस फुटांपेक्षा लांब गेली, की मधे लवायला लागते. म्हणून प्लॉटची रुंदी आणि लाकडाची झेप यांचा मेळ आपोआप बसला. मजल्यांचं सारं ओझं बाजूच्या दोन भिंतींवर गेल्यामुळे पुढच्या आणि मागच्या भिंती मोकळ्या झाल्या. त्यांच्यावर जवळजवळ स्वतःपुरतंच वजन. म्हणून तिथे मोठमोठ्या खिडक्या ठेवता आल्या. अशा घरांच्या दर्शनी भागातल्या उंच खिडक्या बघून आपण शैलीचं कौतुक करतो. त्या खिडक्यांना जागा बाजूच्या भिंतींनी करून दिलेली असते.

या पद्धतीतला एक बारकावा मला फार आवडतो. तुळईचं टोक भिंतीत विटांच्या खोबणीत बसवलेलं असतं. आग लागली आणि तुळई मधेच जळून तुटली, तर ती खाली पडताना तिचं भिंतीतलं टोक वर उचललं जातं. टोक चौकोनी असेल, तर ते पहारीसारखं काम करतं आणि वरच्या विटा उचकटून भिंतच पाडतं. भिंत पडली की शेजारचं घरही गेलं. म्हणून सुतार तुळईचं टोक तिरपं कापत. खालची बाजू लांब, वरची आखूड. मग जळालेली तुळई भिंतीला धक्का न लावता खोबणीतून अलगद सुटून पडते. आपल्या घरातला मजला कोसळला तरी शेजाऱ्याची भिंत उभी राहावी, याची तजवीज कापाच्या एका तिरकेपणात केलेली. हे काम फळ्यांच्या आणि प्लास्टरच्या आड जातं, ते कुणाला दिसत नाही. शेजारधर्माचं याहून पक्कं काम मला ठाऊक नाही.

भिंत दोघांची असल्यामुळे तिला कायद्याचंही बंधन असतं. शेजाऱ्याच्या संमतीशिवाय ती पाडता येत नाही आणि तिच्यातून आरपार भोकही पाडता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. रूझवेल्टांच्या घरात हीच गोष्ट वेगळी होती.

उजेडाचा प्रश्न मात्र सगळ्याच चिकटलेल्या घरांना सारखा. बाजूंना खिडकी नाही, त्यामुळे पुढची खोली आणि मागची खोली उजळ, मधला पट्टा काळोखा. म्हणून जिना, कपाटं, न्हाणीघर, सामानाची खोली असलं सगळं मधे ढकललेलं असतं. जिन्याच्या माथ्यावर काचेचं छप्पर किंवा मधे एखादा उभा मोकळा चौक, एवढाच उपाय. घर जितकं अरुंद, तितका जिना जास्त जागा खातो. तीन-साडेतीन फुटांचा जिना वीस फुटांच्या घरात फार वाटतो आणि त्याला आखूड करणं तर शक्य नसतं. घरात चार माणसं चार मजल्यांवर राहतात आणि दिवसभर एकमेकांना जिन्यात भेटतात. असं घर आडवं नसतं, उभं असतं. आई खालून हाक मारते आणि मूल चौथ्या मजल्यावर असतं.

एवढी पार्श्वभूमी घेऊन आता सारा यांच्याकडे येऊ. त्या १९०० साली विधवा झाल्या. फ्रँकलिन हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याचं लग्न १७ मार्च १९०५ ला झालं. नवं जोडपं छत्तिसाव्या रस्त्यावर भाड्याच्या घरात राहू लागलं, सासूबाईंच्या घरापासून तीन चौक दूर. त्याच वर्षीच्या नाताळात सारा यांनी दोघांना एक चिठ्ठी दिली. तिच्यावर हाताने काढलेलं घराचं छोटं चित्र होतं. खाली लिहिलं होतं, की आईकडून नाताळची भेट, रस्ता आणि क्रमांक अजून नक्की नाही, रुंदी १९ किंवा २० फूट. भेट प्रेमाने दिलेली होती, यात मला शंका नाही. त्या चिठ्ठीत घराची रुंदीसुद्धा देणाऱ्यानेच ठरवलेली आहे, हेही तितकंच खरं. आणि पुढे जे बांधलं गेलं ते एक घर नव्हतं, दोन होती.

काम दिलं चार्ल्स ॲडम्स प्लॅट यांना. प्लॅट (१८६१-१९३३) यांची वाट वेगळी. ते आधी चित्रकार आणि धातूच्या पत्र्यावर चित्र कोरून छापणारे कलाकार. इटलीतल्या बागा पाहून त्यांनी १८९४ मध्ये त्यांवर पुस्तक काढलं, मग स्वतः बागा आखू लागले आणि तिथून घरांकडे वळले. वास्तुशास्त्राचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. वॉशिंग्टनमधली फ्रीअर गॅलरी, जिथे आशियातल्या कलावस्तूंचा मोठा संग्रह आहे, ती इमारत त्यांचीच. चित्रकाराची नजर असलेला माणूस भिंतीकडे आधी चौकट म्हणून पाहतो, आणि पासष्टाव्या रस्त्यावर नेमकी तीच नजर लागणार होती.

अडचण अशी. त्या काळी श्रीमंत न्यूयॉर्ककरांना इंग्लंडच्या अठराव्या शतकातल्या जॉर्जियन घरांची ओढ लागली होती. त्या शैलीचा जीव समतोलात आहे. मधे दार, डावीकडे जेवढ्या खिडक्या तेवढ्याच उजवीकडे, सगळं एका मध्यरेषेभोवती तोललेलं. जोडघरात ही मध्यरेषा कुठे येते? बरोबर समाईक भिंतीवर. जिथे डोळा दार शोधतो, तिथे आत भरीव भिंत उभी. म्हणून बहुतेक जोडघरांत दोन वाटा दिसतात. एक, दोन्ही घरांचे नकाशे सारखे ठेवायचे आणि दोन दारं रांगेत येऊ द्यायची. मग ती दोन घरं दोनच दिसतात. दुसरी, नकाशा आरशासारखा उलटा करायचा, म्हणजे दोन्ही दारं मधल्या भिंतीला बिलगून शेजारी शेजारी येतात. उलट्या नकाशात दोन्ही घरांची धुराडी आणि नळ त्याच भिंतीत पाठीला पाठ लावून जातात, खर्च वाचतो. पण दोन जुळी दारं आली, की घर एक असल्याचा आव आणता येत नाही.

प्लॅट यांनी रस्त्यावर एकच दार ठेवलं आणि मधली भिंत त्या दाराच्या थोडी अलीकडेच थांबवली. दार उघडून आत गेलं, की आधी एक छोटी देवडी लागते. तिथून दोन दारं, एक सारा यांच्या घरात, दुसरं मुलाच्या घरात. रस्त्याला एक घर दिसतं आणि दोन घरांची फोड चार पावलं आत, लोकांच्या नजरेआड होते. शिवाय जुन्या न्यूयॉर्कच्या तपकिरी दगडी घरांना रस्त्यातून वर चढणारी उंच पायऱ्यांची रांग असे. नव्या घरांनी ती काढून टाकली आणि दार रस्त्याच्या पातळीला आणलं. पायऱ्यांची जागा वाचली, अरुंद घराला तेवढाच मोकळा श्वास.

हा दर्शनी भाग उत्तम आहे असं माझं मत आहे. दोन अरुंद घरांना त्याने अशी भारदस्त रुंदी दिली, जी दोघांपैकी एकालाही स्वतःच्या बळावर मिळाली नसती.

मग आत काय केलं? समाईक भिंतीत आरपार भोक पाडायला शेजाऱ्याची संमती लागते, असं वर म्हटलं. इथे दोन्ही बाजूंची मालकीण एकच. सारा. तेव्हा विचारायचं कुणाला? प्लॅट यांनी जेवणघरांच्या मधे आणि दिवाणखान्यांच्या मधे भिंतीत सरकती दारं ठेवली. दारं बाजूला सारली, की दोन जेवणघरांची एक लांब पंगत आणि दोन दिवाणखान्यांचं एक मोठं दालन. वर, मुलांच्या मजल्यावरही, एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याची वाट होती. मुंबईत ज्याला आपण जोडी फ्लॅट म्हणतो, तसलाच हा प्रकार, फक्त अनेक मजल्यांचा.

बांधकामाच्या अंगाने हे सोपं नसतं. वजन घेणाऱ्या भिंतीत रुंद मोकळी जागा ठेवायची, तर वरच्या मजल्यांचं ओझं त्या मोकळ्या जागेच्या दोन्ही कडांकडे वळवावं लागतं. विटांच्या जमान्यात त्यासाठी कमान होती, पण कमानीला उंची लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी-पोलादी तुळया सहज मिळू लागल्या आणि सपाट छताखाली रुंद दार ठेवणं आवाक्यात आलं. सरकत्या दाराला आणखी एक गोष्ट हवी. पल्ला आत शिरेल अशी भिंतीच्या पोटात पोकळी. म्हणजे जी भिंत सगळ्यात भरीव असायला हवी, ती नेमकी तिथे पोकळ करायची. एलिनॉर यांनी आपल्या आत्मकथनात प्लॅट यांची तारीफच केली आहे. घरं अरुंद होती, तरी या माणसाने इंच न् इंच जागेचा उपयोग केला आणि दोन्हीकडची जेवणघरं, दिवाणखाने जोडून जवळजवळ एक मोठी खोली करता येईल असं बांधलं, असं त्या लिहितात.

आणि त्याच आत्मकथनात त्या दुसरीही गोष्ट सांगतात. नव्या घरात राहायला आल्यावर काही आठवड्यांतच त्या एकदा आरशाच्या टेबलापुढे बसून रडू लागल्या. नवऱ्याला काही उमगेना. त्याने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की जे घर कुठल्याच अर्थाने माझं नाही, ज्यात मी काहीच ठरवलं नाही, जे मला जगायचंय तसं नाही, त्या घरात राहणं मला आवडत नाही. घराचा सगळा विचार त्यांनी सासूबाईंवर आणि नवऱ्यावर सोडला होता, हेही त्या प्रांजळपणे लिहितात. पुढे त्यांनी असंही सांगितलं, की सासूबाई दिवसा-रात्री केव्हा समोर उभ्या राहतील याचा भरवसाच नसे.

इथे वास्तुरचना आणि संसार यांची गाठ पडते आणि मला हा सगळ्यात शिकण्यासारखा भाग वाटतो. कागदावर दार म्हणजे भिंतीतली एक फट आणि दार कुठे उघडतं ते दाखवणारी एक वक्र रेघ. नकाशात ते दोन्ही खोल्यांचं सारखंच असतं. राहायला गेल्यावर मात्र विचारावं लागतं, की कडी कुणाच्या बाजूला? ते दार कोण उघडू शकतं, कोण बंद ठेवू शकतं, आणि बंद ठेवलं तर कुणाला राग येईल? देवडीतल्या दारावर टकटक करावी लागते. जेवणघरातलं सरकतं दार सारून आत येणारा माणूस घरातलाच ठरतो, त्याला पाहुण्यासारखं थांबवता येत नाही. प्लॅट यांनी उत्तम दार दिलं होतं. त्यावर हक्क कुणाचा, हे आर्किटेक्ट ठरवू शकत नाही. ते मालकी ठरवते, आणि दोन्ही घरं सारा यांची होती.

सारा यांना खलनायिका करून मोकळं होणं सोपं आहे, बरेच जण तसं करतात. मला ते पटत नाही, कारण याच भिंतीची दुसरी बाजू पुढे तेरा वर्षांनी दिसते.

ऑगस्ट १९२१ मध्ये फ्रँकलिन यांना पोलिओ झाला. दोन्ही पायांतली शक्ती गेली. ऑक्टोबरच्या अखेरीस हॉस्पिटलमधून ते याच घरी आले. अरुंद आणि उंच घर पाय गेलेल्या माणसासाठी किती अवघड, याची कल्पना करा. प्रत्येक मजला म्हणजे एक जिना. घरात लिफ्ट होती म्हणून निभावलं. एरवी श्रीमंतीची सोय म्हणून बसवलेली ती लिफ्ट आता घरातली सगळ्यात गरजेची गोष्ट झाली. घर माणसांनी गच्च भरलं. नर्स आली, फ्रँकलिन यांचे सल्लागार लुई होवे येऊन राहिले आणि चांगली मोठी खोली त्यांना दिली गेली. पंधरा वर्षांच्या ॲनाला त्याचा फार राग आला. खुद्द एलिनॉर यांना स्वतःची खोलीच उरली नाही. फ्रँकलिनने राजकारण सोडून न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क या गावी, कुटुंबाच्या जुन्या घरी जाऊन स्वस्थ राहावं, असं सासूबाईंचं म्हणणं. त्याने पुन्हा उभं राहावं, असं एलिनॉर आणि होवे यांचं. त्या हिवाळ्यात भिंतीच्या दोन्ही बाजूंना हा ताण होता.

अशाच एका दिवशी धाकट्या मुलांना गोष्ट वाचून दाखवताना एलिनॉर यांना अचानक रडू कोसळलं आणि ते थांबेना. मुलं गांगरली, होवे समजूत काढायला आले, काही उपयोग झाला नाही. स्वतःच्या घरात दार लावून बसायला एक कोपरा नव्हता. शेवटी त्या सासूबाईंच्या घरात गेल्या. सारा गावी गेल्या होत्या, खोल्या रिकाम्या होत्या. त्यांतल्या एका खोलीला आतून कडी लावून त्यांनी गार पाण्यात टॉवेल भिजवला, चेहरा पुसला आणि सावरल्या. आयुष्यात असं पुरतं कोसळणं एकदाच झालं, असं त्यांनी लिहून ठेवलंय.

ज्या भिंतीतून सासूबाई केव्हाही येत, त्याच भिंतीपलीकडे सुनेला एकांत मिळाला. त्या दिवशी कडी तिच्या बाजूला होती.

यानंतरचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. फ्रँकलिन राजकारणात परतले, न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर झाले, १९३२ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. शपथ घेण्याआधीचे महिने त्यांचं बरंच काम या घरातून चाललं. फ्रान्सिस पर्किन्स यांना कामगार मंत्रिपद त्यांनी इथेच, फेब्रुवारी १९३३ मध्ये देऊ केलं. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली ती पहिली स्त्री. होकार देण्याआधी पर्किन्स यांनी कामगारांसाठी काय काय करायचंय याची यादी त्यांच्यापुढे ठेवली, त्यात वृद्धापकाळाच्या पेन्शनचाही मुद्दा होता.

सारा सप्टेंबर १९४१ मध्ये वारल्या. मग घर विकायला काढलं, दोन्ही भाग मिळून. कुटुंबासाठी आखलेलं जोडघर विकत घेणार कोण? एकालाच दोन्ही परवडली पाहिजेत, नाहीतर मधली दारं विटांनी बुजवावी लागणार. ते टळलं, कारण तीन-चार रस्ते पलीकडे असलेल्या हंटर कॉलेजसाठी ते घेतलं गेलं. रूझवेल्टांनी ते ५०,००० डॉलरला दिलं. हंटर तेव्हा मुलींचं कॉलेज होतं. १९४३ मध्ये सारा यांच्या नावाने तिथे विद्यार्थिनींचं केंद्र सुरू झालं, वेगवेगळ्या धर्मांच्या विद्यार्थी संघटनांनी एका छपराखाली यावं म्हणून.

मला वाटतं प्लॅट यांच्या रचनेला खरा न्याय तेव्हा मिळाला. एका कुटुंबाच्या दोन पिढ्यांमधे जी सरकती दारं जाचक ठरली, ती आता सभेच्या दिवशी उघडायची आणि अभ्यासाच्या वेळी ओढून घ्यायची साधी सोय झाली. दोन दिवाणखान्यांचं एक दालन मुलींच्या कार्यक्रमांना पुरेसं होतं. दार कुणी उघडायचं यावर आता कुणाचं मन दुखायचं कारण उरलं नव्हतं.

१९७३ मध्ये न्यूयॉर्क शहराने या इमारतीला वारसा वास्तूचा दर्जा दिला. १९९२ मध्ये दुरवस्थेमुळे ती बंद करावी लागली. पुढे जेम्स पोल्शेक यांच्या फर्मने दुरुस्ती करून तिला पुन्हा उभारी दिली आणि २०१० पासून ती रूझवेल्ट हाउस या नावाने हंटर कॉलेजची सार्वजनिक धोरण संस्था म्हणून चालते. तिथे व्याख्यानं होतात, आत जाता येतं. गेलात तर देवडीत क्षणभर थांबा आणि डावी-उजवीकडची दोन्ही दारं पाहून घ्या, मग वर जाऊन दिवाणखान्याच्या मधोमध, जिथे भिंत असायला हवी होती तिथे उभे राहा.